थांबाघर

नांदखोल अणुवीज केंद्रात कुणी कुणाला एकदा सांगून मोकळं होत नसे. सांगणारा सांगे, ऐकणारा तेच शब्द परत म्हणून दाखवी, आणि मग सांगणारा 'बरोबर' म्हणे. ते 'बरोबर' कानावर पडल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही. या मधल्या पायरीला तिथे 'प्रतिउच्चार' म्हणत. एक नंबरचा पंप सांगितला आणि दोन नंबरचा ऐकला गेला, तर अणुभट्टीत काय होऊ शकतं हे ओळखून कुणीतरी फार पूर्वी घालून दिलेली ही शिस्त हळूहळू कर्मचारी वसाहतीच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचली होती. बायको "मेथी, दोन जुड्या" सांगे. नवरा "मेथी, दोन जुड्या" म्हणे. बायको "बरोबर" म्हणे. आणि नवरा शेपू घेऊन येई. पद्धत ऐकण्यातली चूक पकडायची; बाजारात पोचल्यावर माणसाचं काय होतं, यावर तिच्याकडे इलाज नव्हता.

डॉ. अनघा रेडकर यांनी आपलं यंत्र या पद्धतीच्या पोटातूनच काढलं होतं. आज ते केंद्रसंचालकांना दाखवायचं होतं.

पराग मुळगावकर संपर्क प्रयोगशाळेत येऊन खुर्चीत बसले. अहवाल त्यांच्याकडे कधीचा पडून होता आणि तो त्यांनी उघडलेला नव्हता, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नाने सांगितलं.

"तर हा तुमचा मध्यस्थ नेमकं करतो काय?"

"साहेब, आणीबाणीत आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. लायनी कमी पडतात," अनघा म्हणाली. "मागच्या सरावात भोंगा वाजल्यावर लोक काय बोलले ते आम्ही ऐकलंय. तू कुठे आहेस, पोरगी शाळेतून आली का, आईला खाली आण. निम्मं बोलणं हेच. कामाचा निरोप त्या गर्दीच्या मागे उभा."

"मग घरचे फोन तोडून टाका."

"त्याआधीच्या सरावात तोडले होते. मग माणसं जागा सोडून रेंज शोधत गच्चीवर गेली."

मुळगावकरांनी खुर्ची जरा मागे सरकवली. त्या दिवशी गच्चीवर तेही होते.

"म्हणून मध्यस्थ," अनघा पुढे म्हणाली. "आणीबाणी जाहीर झाली की केंद्रातला प्रत्येक निरोप याच्यातून जाणार. हा एकच प्रश्न विचारतो. हा निरोप ऐकून ऐकणाऱ्याचा हात चुकेल का? नसेल चुकणार, तर निरोप लगेच पुढे. चुकणार असेल, तर निरोप थांबाघरात. आणीबाणी संपली की थांबाघर उघडायचं, ज्याचं त्याला द्यायचं. एक शब्दही पुसला जात नाही. फक्त थांबतो."

"आणि हात चुकणार हे त्याला कळतं कसं? पत्रिका बघतो?"

"प्रतिउच्चार बघतो, साहेब," पलीकडून झरीना काझी म्हणाली. ती ध्वनितज्ज्ञ होती, अनघाच्या हाताखालची, आणि साहेबांशी बोलताना आवाज खाली आणायचं तिला कधी जमलं नव्हतं. "समजा, तुम्हाला घरून फोन आला. तो ठेवल्यावर पुढे काही वेळ तुम्ही कामाचं जे जे परत म्हणून दाखवता, ते हा ऐकत असतो. आकडा चुकला का, शब्द अडखळला का, श्वास मध्येच तुटला का. कोणाच्या कसल्या बोलण्यानंतर तुमचं किती चुकतं, हे वर्षानुवर्षं त्याच्याकडे जमा होत जातं. आम्ही त्याला चळांक म्हणतो. प्रत्येकाचा वेगळा. भांडारातल्या कदमांना सासूबाई येणार असा फोन आला की दोन दिवस त्यांच्या हातात पाना द्यायचा नाही."

"माझा किती आहे?"

"आपला चळांक आपण बघायचा नाही, असा नियम केलाय ताईंनी. बघितला की माणूस सांभाळून बोलायला लागतो. पण मुख्यालयातून फोन आला की तुम्ही..."

"पुरे," मुळगावकर म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी बोट वर केलं. न वाचणाऱ्या माणसालाही कधीकधी नेमकी शंका सुचते. "पण मग घोटाळा आहे. ज्याला घरून काहीच निरोप येणार नाही, तो समजेल की वाईट बातमी आहे आणि आपल्यापासून थांबवलीय."

"नाही समजणार," अनघा म्हणाली. या प्रश्नाची ती वाटच पाहत होती. "आनंदानेही हात चुकतो, साहेब. मुलगी झाली, पोराला नोकरी लागली, हेही थांबतं. त्यामुळे निरोप आला नाही यावरून काहीच कळत नाही."

"आणि आला तर?"

"आला तर मात्र एक गोष्ट नक्की कळते. तो ऐकून तुमचं काही बिघडणार नाही, असं मध्यस्थाला वाटलं."

"आणि बातमी कामाचीच असली तर? एखादा गडी पडला, त्याच्या जागी दुसरा पाठवायचाय, आणि पाठवणारी त्याची बहीण आहे. मग?"

"त्यासाठी नावगाळणी आहे. 'माणूस पडला, दुसरा पाठवा' एवढं पुढे जातं. नाव थांबाघरात. काम अडत नाही आणि बहिणीचा हातही चुकत नाही."

मुळगावकरांनी मान डोलावली आणि ते सही करून गेले. सही करताना ते म्हणाले, "थंड डोक्याच्या बाईने केलेलं यंत्र आहे हो." त्यांना ते कौतुक वाटत होतं.

अनघाच्या थंड डोक्याबद्दल वसाहतीत दुमत नव्हतं. इतक्या वर्षांत तिचा प्रतिउच्चार चुकलेला कुणी ऐकला नव्हता. दगडाला कसला आलाय चळांक, असं कॅन्टीनमध्ये उघड बोललं जाई. बोलणाऱ्यांत तिचा नवराही असे.

मंदार रेडकर समुद्राकाठच्या पंपघरांचा प्रमुख होता. भट्टी थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि गरम झालं की परत सोडायचं, हे त्याचं काम. बोलण्यात अत्यंत कंजूष माणूस. फोन केला तर कामापुरता, आणि काम झालं की ठेवला. त्याची आई गेली तेव्हा त्याने केंद्राच्या लायनीवर अनघाला फोन केला होता. ती एका चाचणीच्या मध्यावर होती.

"आई गेली," तो म्हणाला.

"आई गेली," अनघा म्हणाली. "कुठे आहेस?"

चाचणी दुसऱ्याच्या हाती सोपवून ती निघाली, त्यात वेळ गेला. त्या वेळाबद्दल मंदारने तिला माफ केलं. पण 'आई गेली' हे तिने परत म्हणून दाखवलं, ते मात्र त्याने संसाराच्या जमाखर्चात कायमचं खर्ची टाकलं, आणि भांडण झालं की तो ते पान काढून वाचत असे. अनघाला रडू आलं होतं. पण ते आठवड्याने, सासूबाईंनी भरून ठेवलेली लोणच्याची बरणी रिकामी झाली तेव्हा. त्या वेळी मंदार पाळीवर होता. असल्या गोष्टींना साक्षीदार लागतो आणि तिच्याकडे तो नव्हता. सांगायला गेली असती तर तो म्हणाला असता, लोणच्यासाठी रडलीस.

मध्यस्थ बसवला त्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, "उद्या मी गेलो असं कुणी कळवलं ना, तर तू तेही नीट परत म्हणून दाखवशील. एक काना-मात्रा चुकणार नाही."

"आणि तू तिकडून 'बरोबर' म्हणशील," अनघा म्हणाली.

दोघंही हसले. पण हसून झाल्यावर ती बराच वेळ गवार निवडत बसली, आणि ती गवार मघाशीच निवडून झालेली होती. खरंच तसं असेल का, हा प्रश्न तिला पडत नसे असं नाही. माणूस आतून दगड असेल तर त्याला स्वतःला ते कसं कळणार? दुसऱ्यांच्या हृदयातली डगमग मोजणारं यंत्र तिने केलं होतं आणि स्वतःचा आकडा बघायचा नाही हा नियमही तिनेच केला होता. नियम शास्त्रीय होता. सोयीचाही होता.

त्यानंतर उन्हाळ्यात कधीतरी, प्रयोगशाळेत काम चालू असताना मंदारचा फोन आला. झरीना समोरच बसली होती.

"बोल," अनघा म्हणाली.

"काही नाही. सहज केला."

"सहज म्हणजे? केंद्राच्या लायनीवर?"

"हं."

"कुठे आहेस?"

"पंपघरात."

"मग?"

"मग काही नाही. ठेवतो."

अनघा फोनकडे बघत राहिली. असा फोन त्याने यापूर्वीही केला होता, पण इतक्या अंतराने, की प्रत्येक वेळी तो पहिलाच वाटे. तेवढ्यात नियंत्रण कक्षाची लायन वाजली. "उद्याचा सराव दोन नंबरच्या भट्टीवर. उत्तरेच्या फाटकातून."

"उद्याचा सराव तीन नंबरच्या भट्टीवर," अनघा म्हणाली, "उत्तरेच्या फाटकातून."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग सावधपणे, "मॅडम, आपल्याकडे दोनच भट्ट्या आहेत."

झरीना टेबलावर डोकं टेकून हसली. "एका फोनमध्ये अख्खी भट्टी बांधलीत की हो ताई! सरकारला जमलं नाही इतक्या वर्षांत."

"काम कर," अनघा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. संध्याकाळी तिने मंदारला बजावलं, केंद्राच्या लायनीवर बिनकामाचे फोन करायचे नाहीत. तो "बरं" म्हणाला. दिवाळीच्या आधी त्याने पुन्हा एकदा केला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वादळ आलं. त्याची सूचना होती, तयारी होती. सूचना नव्हती ती वादळापुढे ढकलल्या गेलेल्या जेलीफिशच्या थव्याची. दुपारी दक्षिणेच्या पंपघराच्या जाळ्यांवर त्यांचा असा थर बसला की समुद्र समोर असून पाणी आत येईना. पाठोपाठ वीज आणणारे मनोरे पडले. दोन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या, त्या व्हायच्याच होत्या. पण चूल विझली तरी निखाऱ्यात धग उरते, तशी भट्टीच्या गाभ्यातही उरते. आणि ती फुंकून जात नाही. तिला पाणीच लागतं, तेही सतत. पाणी थांबलं तर गाभा स्वतःच्याच धगीने वितळायला लागतो आणि मग ते प्रकरण केंद्राच्या भिंतींपुरतं राहत नाही. टेकडीखाली नांदखोल गाव होतं.

भोंगा वाजला. मध्यस्थ चालू झाला. समन्वयकाच्या खुर्चीत अनघा बसली, शेजारी झरीना.

उत्तरेचं पंपघर शाबूत होतं, पंपाला स्वतःचं डिझेल होतं. पण समुद्राकडचं लोखंडी दार बंद होतं आणि ते उचलणारी मोटर विजेवर चालत होती. दार हाताने उचलता येत असे; त्यासाठी पंपांच्या विहिरीत तळाशी उतरून चाक फिरवावं लागे.

अनघाने लायन उघडली. "उत्तर पंपघर. दार हाताने उघडा."

"उत्तर पंपघर. दार हाताने उघडतो," तिकडून मंदार म्हणाला.

"बरोबर," अनघा म्हणाली आणि तिने पुढची लायन घेतली.

पुढे बराच वेळ ती त्याच लयीत काम करत राहिली. बसगाड्या नांदखोलकडे. शाळेतली मुलं आधी. टेकडीवरच्या तळ्याची झडप उघडायला दोन माणसं. तळ्याचं पाणी उतारावरून आपसूक खाली येईल, पण ते एकाच भट्टीला पुरेल. प्रत्येक शब्द जात होता, परत येत होता, 'बरोबर' होत होता. घरचा एकही आवाज कुणाच्या कानावर पडत नव्हता आणि कुणी गच्चीवर जात नव्हतं. तिचं यंत्र तिने सांगितलं होतं तसंच चाललं होतं.

मग उत्तर पंपघराची लायन वाजली. आवाज तोडणकरांचा होता, मंदारच्या हाताखालच्या जुन्या तंत्रज्ञाचा. मध्यस्थाने मधले हुंदके काढून टाकल्यामुळे तो सपाट ऐकू आला.

"उत्तर पंपघर. विहिरीत लाट शिरली. मंदार रेडकर बुडून गेले. दार अर्धं उघडलंय, पुढे सरकत नाही."

झरीनाने झटकन अनघाकडे पाहिलं. अनघा समोरच्या नकाशाकडे बघत होती.

"उत्तर पंपघर," अनघा म्हणाली. "विहिरीत लाट शिरली. मंदार रेडकर बुडून गेले. दार अर्धं उघडलंय, पुढे सरकत नाही."

पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. "बरोबर," तोडणकर म्हणाले.

"विहिरीत आता कुणी उतरायचं नाही. सगळे वर या."

"विहिरीत कुणी उतरायचं नाही. सगळे वर."

"बरोबर." तिने लायन बदलली. अर्ध्या दारातून येणारं पाणी एका भट्टीला पुरणार होतं. "नियंत्रण कक्ष. उत्तरेचं पाणी एक नंबरला. तळ्याचं पाणी दोन नंबरला."

झरीनाने कानावरची यंत्रं काढून चेहरा ओंजळीत धरला होता.

"झरीना, कानाला लाव," अनघा म्हणाली. "दोन नंबरवाले बोलतायत."

आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही गाभे शाबूत होते. नांदखोलमध्ये छपरं उडाली, माणसं सगळी वाचली. अर्धं उघडलेलं ते दार नसतं तर एक नंबरची भट्टी टिकली नसती, असं मुळगावकरांनी हात जोडून अनघाला सांगितलं. मंदारला वसाहतीच्या दवाखान्यात आणलं होतं. गाडी येतेय, तोवर बसा, म्हणाले.

ती बसली. आणि थांबाघर उघडलं.

इमारतभर फोन वाजू लागले. जिन्यावर कुणीतरी मोठ्याने रडलं. कॅन्टीनच्या आचाऱ्याला आदल्या दुपारी मुलगी झाली होती. तो ज्याला त्याला धरून सांगत होता आणि कोणाचं तोंड बघून सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं. कदमांच्या सासूबाई वादळाला न जुमानता येऊन पोचल्या होत्या.

झरीना अनघाजवळ येऊन बसली. अनघाच आधी बोलली.

"नाव गाळलं नाही त्याने."

"ताई, आत्ता नको."

"तोडणकरांच्या निरोपात नाव होतं. दार अर्धं उघडलंय, माणूस पडला, एवढ्यावर काम भागत होतं. नावगाळणी त्यासाठीच आहे. तरी नाव माझ्यापर्यंत आलं."

"घाईत यंत्र चुकलं असेल."

"चुकलं कुठे?" अनघा म्हणाली. "मी चुकले का? एक शब्द तरी? त्याला वाटलं हिचं काही बिघडणार नाही, आणि नाही बिघडलं. एवढ्या माणसांच्या बातम्या रात्रभर थांबल्या, झरीना. कदमांच्या सासूची थांबली. माझ्या नवऱ्याची थांबवायची गरज नव्हती." ती सावकाश बोलत होती, मुळगावकरांना समजावलं होतं तशीच. "आकडा बघायचा नाही असा नियम केला होता मी. आता बघायची गरज उरली नाही. मंदारला न बघताच माहीत होता."

झरीनाने मान वळवली. तिच्या समोरच्या पडद्यावर थांबाघराची दारं एकामागून एक उघडत होती. निरोप निघून गेला की नाव पुसलं जाई. बहुतेक नावं गेली होती. एक राहिलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या नावावर एक निरोप आहे."

"कसला?"

"काल दुपारचा. थांबवलेला." झरीनाने पडद्यावर बोट ठेवलं. "उत्तर पंपघरातून. तोडणकरांच्या आधीचा."

अनघाने मान वर केली.

"मंदाररावांनी तुम्हाला फोन केला होता. विहिरीत उतरायच्या आधी."

"पण त्याला माहीत होतं, आणीबाणीत घरचा फोन मला लागणार नाही."

"माहीत होतंच. 'निरोप ठेवा' असं मध्यस्थ म्हणतो, तेव्हा त्यांनी ठेवलाय."

अनघाने हात पुढे केला आणि मागे घेतला. काय असेल ते तिला दिसत होतं. बुडणारा माणूस जे सांगतो ते. घराच्या किल्ल्या, विम्याचे कागद, झालं गेलं विसर. कंजूष माणसाने शेवटी एकदाच हात सैल सोडला असेल. एवढं मोठं काहीतरी असणार, की मध्यस्थालाही ते तिच्यापासून थांबवावंसं वाटलं.

"तो फोन आला असता तर मी विचारलं असतं, पाणी किती चढलंय," ती म्हणाली. "आणि मग म्हटलं असतं, वर ये."

"हो," झरीना म्हणाली.

"आणि दार उघडलं नसतं."

"मध्यस्थाला त्यातलं काही कळत नाही, ताई. त्याला पाणी कळत नाही, मरण कळत नाही. तुम्हीच केलाय त्याला. त्याला एकच प्रश्न माहीत आहे, हे ऐकून हिचा हात चुकेल का. तोडणकरांच्या बातमीला तो 'नाही' म्हणाला. या निरोपाला 'हो' म्हणाला." तिने कानाचं एक यंत्र अनघाला लावलं आणि दुसरं स्वतःला. "ऐकायचाय?"

अनघाने मान डोलावली. झरीनाने निरोप सोडला.

आधी पाण्याचा आवाज आला, लोखंडावर आपटणाऱ्या. मागे कुणीतरी ओरडत होतं, तोडणकर असावेत. मग जवळून, नेहमीच्या आवाजात, घाई नसल्यासारखं:

"काही नाही. सहज केला."

मग फोन ठेवल्याचा आवाज.

खाली गाडी आली होती. कुणीतरी जिन्यातून "मॅडम" म्हणून हाक मारली. अनघाने ऐकली नाही. तिने दोन्ही हातांनी यंत्र कानावर दाबून धरलं होतं आणि ती ताठ बसली होती, कामावर बसते तशी. निरोप आला की तो परत म्हणून दाखवायचा असतो.

"काही," ती म्हणाली. थांबली. "काही नाही. सह..."

शब्द पुढे गेला नाही. तिने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

"सहज काही... काही केला..."

चार शब्द होते. तिने ते तिसऱ्यांदा घेतले, तेव्हा पहिलाच शब्द तुटला आणि त्याच्यामागून जे आलं ते शब्द नव्हते. तरी ती यंत्र कानावर धरून वाट बघत राहिली, पलीकडून कुणी हो म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नसतो म्हणून.

चुकलेला प्रतिउच्चार मान्य करायचा नाही, हे झरीनाला पहिल्याच दिवशी अनघाने शिकवलं होतं. आणि मान्य करायचा तो सांगणाऱ्याने, दुसऱ्या कुणी नाही.

"बरोबर," झरीना म्हणाली.